पहिली तरफ कुठेच सापडत नाही

जगातल्या कुठल्याही संग्रहालयात गेलात तरी माणसाने वापरलेली पहिली तरफ तुम्हाला काचेच्या पेटीत ठेवलेली दिसणार नाही. दगडी हत्यारं दिसतील, तांब्याच्या कुऱ्हाडी दिसतील, खापरं तर टोपल्यांनी दिसतील. तरफ मात्र नाही. शोधणारे कमी पडले असं नाही. तरफ ही मुळात वस्तूच नाही. जमिनीवर पडलेली काठी म्हणजे नुसती काठी. तिचं एक टोक धोंड्याखाली सारलं, धोंड्यालगत एक लहानसा दगड टेकू म्हणून ठेवला आणि दुसऱ्या टोकावर अंग टाकलं, की तेवढ्यापुरती ती तरफ होते. धोंडा सरकला, हात सुटला, की पुन्हा काठी. त्याच रात्री ती शेकोटीत गेली असेल तर मागे काय उरणार?

साध्या यंत्रांचा इतिहास मला विलक्षण वाटतो तो यामुळे. तरफ, पाचर, उतरण, चाक आणि आस, कप्पी, मळसूत्र ही सहा नावं आपण शाळेत पाठ करतो आणि पाठ झाल्यावर त्यांच्याकडे पुन्हा बघत नाही. वास्तविक त्यांच्यापाशी एक मोठं कोडं आहे. एका माणसाच्या अंगात एका माणसाचीच ताकद असते. तरी हातात पहार आली की तो पाचजणांनी मिळून हलवावा लागणारा दगड हलवतो. वरची चार माणसं आली कुठून? हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारायला आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्यायला माणसाला लाखो वर्षं लागली. तोवर हात आपलं काम करतच होते.

दगडाने जपून ठेवलेलं पहिलं साधं यंत्र म्हणजे पाचर. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी नावाची जागा आहे. तिथे मुद्दाम फोडून धार काढलेले दगड मिळाले. त्यांचं वय ३३ लाख वर्षं आहे, असं संशोधकांनी २०१५ साली जाहीर केलं. ज्याला आपण ‘होमो’ म्हणतो त्या आपल्या कुळाचा आजवर मिळालेला सर्वांत जुना जीवाश्म साधारण २८ लाख वर्षांचा आहे. म्हणजे माणूस म्हणावं असं कुणी दिसायच्या आधीच कुणाच्या तरी हातात पाचर होती. धार म्हणजे पाचरच. दोन उतरत्या बाजू एका रेषेत मिळाल्या की वरून दिलेला दाब आडवा होतो आणि समोरच्या वस्तूला दोन्ही अंगांनी ढकलतो. दहा बोटं लांब आणि दोन बोटं जाड पाचर घ्या. ती दहा बोटं आत जाते तेव्हा फट दोनच बोटं रुंदावते. घर्षण बाजूला ठेवलं तर फट रुंदावणारा जोर आपण मारलेल्या जोराच्या पाचपट असतो. हा हिशेब लोमेक्वीच्या त्या जिवांना ठाऊक नव्हता. बारीक धार चांगली कापते, एवढं त्यांच्या बोटांना कळलं होतं.

आपल्या देशातही ही पाचर फार जुनी आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला १८६३ साली चेन्नईच्या परिसरात दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात झाली. तिथल्याच अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी आता १५ लाख वर्षांच्या मानल्या जातात. महाराष्ट्रात प्रवरेच्या काठावरचं नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत असतं. डेक्कन कॉलेजच्या हसमुख धीरजलाल सांकलियांनी १९५० च्या दशकात तिथे काम केलं आणि त्याच प्रवरेच्या जुन्या गाळा-गोट्यांत अश्मयुगीन माणसाची हत्यारं आहेत हे दाखवून दिलं. ज्या काठावर मराठीतला एवढा मोठा ग्रंथ उभा राहिला, तिथेच त्याच्या कितीतरी आधी कुणी तरी गोटा हातात धरून, कुठून मारला तर कपचा कसा निघेल याचा विचार करत बसलं होतं. मला या दोन गोष्टी परक्या वाटत नाहीत. दोन्हींत लक्ष एकाग्र करावं लागतं.

पाचरीबद्दल आपल्याकडे एक गोष्टही आहे. पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात एक माकड अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसतं, सुतारांनी फटीत ठोकून ठेवलेली पाचर हलवून हलवून काढतं आणि फट मिटल्यावर प्राणाला मुकतं. आपण ती नसत्या उठाठेवीची गोष्ट म्हणून सांगतो. पण तिच्यात त्या काळच्या सुतारकामाची बिनचूक नोंद आहे. ओंडका चिरताना फट मिटू नये म्हणून तिच्यात पाचर मारून ठेवत, आणि लाकडाच्या दोन्ही फाकांचा दाब किती जबरदस्त असतो हे गोष्ट रचणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

लाकडाचं मात्र दैव वेगळं. ते कुजतं, वाळवी खाते, जळतं. कधी तरी चिखलपाण्यात हवाबंद राहिलं तरच टिकतं. इटलीतल्या तोस्काना प्रांतात पोजेत्ती वेक्की इथे असं घडलं. तिथे मीटरभर लांबीच्या, एका टोकाला निमुळत्या आणि दुसऱ्या टोकाला मुठीसाठी गोलसर अशा काठ्या मिळाल्या. वय साधारण १ लाख ७१ हजार वर्षं. त्या बॉक्सवुड नावाच्या अतिशय कठीण लाकडाच्या आहेत आणि साल व गाठी सहज निघाव्यात म्हणून करणाऱ्यांनी त्या विस्तवावर भाजून घेतल्या होत्या. हे करणारे निअँडरथल असावेत. अशी काठी मातीत खुपसून मूठ मागे ओढली की कंद उचलून वर येतो. जमिनीची कड हा टेकू, कंद हा भार, हात हे बल. हातात घेऊन बघता येईल अशी जुनी तरफ हवी असेल तर मी याच काठ्यांकडे बोट दाखवीन. पण ही पहिली नव्हेच. चिखलाने राखलेली आहे, एवढंच.

त्यानंतरची एक तरफ तर अतिशय देखणी आहे. फ्रान्समध्ये रेनडिअरच्या शिंगापासून केलेली भालाफेकणी मिळाली आहे. सर्वांत जुन्या नमुन्यांचं वय १७ हजार वर्षांच्या पुढे जातं. हातभर लांबीचा दांडा, टोकाला आकडा. आकड्यात भाल्याचं बूड अडकवायचं आणि हात झटकायचा. फेकणाऱ्याचा हात जणू हातभर वाढतो, टोक जास्त मोठ्या वर्तुळातून फिरतं, आणि भाला नुसत्या हाताने फेकल्यापेक्षा कितीतरी वेगाने सुटतो. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींकडे हीच वस्तू होती, मेक्सिकोच्या अॅझ्टेकांकडेही होती.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. धोंडा उचलताना तरफेकडून आपल्याला जोर हवा असतो. भालाफेकणीत आपण उलट जोर खर्च करतो आणि वेग विकत घेतो. आपला हातही तसाच बांधलेला आहे. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू कोपराच्या पुढे साधारण चार-पाच सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला, आणि तळहात कोपरापासून पस्तीस सेंटीमीटरच्या आसपास. तळहातावर एक किलोची पिशवी धरली तर स्नायूला सात-आठ किलोचा ताण सोसावा लागतो. हा तोट्याचा सौदा वाटेल. पण त्याच्या मोबदल्यात स्नायू बोटभर आखडला की हात फूटभर हलतो. दगड मारणं, झेलणं, मासा पकडणं हे सगळं त्या वेगावर चालतं. तरफ वापरणारा प्राणी स्वतःच तरफांनी बनलेला आहे.

आता थेट साडेअकरा हजार वर्षांपूर्वी येऊ. तुर्कस्तानात उर्फा शहराजवळ गोबेक्ली तेपे नावाची टेकडी आहे. क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून ती खणायला घेतली आणि इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे, साडेपाच मीटरपर्यंत उंच दगडी खांब वर्तुळांत उभे असलेले सापडले. जवळच्या खाणीत सात मीटर लांबीचा एक अर्धवट खांब अजून खडकालाच चिकटलेला आहे. तो पूर्ण निघाला असता तर पन्नास टनांच्या घरात गेला असता. हे करणारी माणसं शिकारी होती. चाक नव्हतं, बैल माणसाळलेला नव्हता, मडकंसुद्धा नव्हतं. खांब खडकापासून सुटे करायचे, हलवायचे, उभे करायचे, तर पाचर, तरफ आणि उतरण यांवाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही. खांब उभे आहेत. ते ज्या लाकडांनी उचलले ती लाकडं गेली.

इजिप्तमध्ये नशिबाने चित्रं उरली. देर अल-बर्शा इथल्या जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, साधारण ३९०० वर्षांपूर्वी, एक प्रचंड पुतळा ओढून नेण्याचा प्रसंग रंगवला होता. पुतळा घसरगाडीवर बांधलेला, चार रांगांत १७२ माणसं दोर ओढताहेत, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा एकजण घसरगाडीच्या पुढ्यात घागरीतून पाणी ओततो आहे. हे पाणी पुष्कळ काळ धार्मिक विधी समजलं गेलं. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रयोग करून पाहिला. कोरड्या वाळूत घसरगाडीपुढे वाळूचा ढीग साचतो. योग्य तेवढी भिजवली की वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, ढीग साचत नाही आणि ओढायला लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. तो घागरवाला पुजारी नव्हता. निदान नुसता पुजारी नव्हता.

त्याहून जुनी खूण हतनूबच्या अलाबास्टरच्या खाणीत आहे. खुफूच्या काळातली, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याने बांधला त्याच्याच वेळची. खडकात कोरलेली चढती वाट, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि पायऱ्यांलगत जाडजूड खुंट रोवण्याची भोकं. हे २०१८ मध्ये जाहीर झालं. चढ चांगलाच खडा आहे : शंभर हात पुढे गेलं तर वीस हातांहून जास्त वर. खुंटांना दोराचे वेढे देऊन दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवरून माणसं ओढत असावीत. उतरण आपल्याला यंत्र वाटतच नाही, कारण तिच्यात काही हलत नाही. पण सरळ वर उचलायला लागणारा जोर ती लांबीवर पसरवते. पाचपट लांब उतरण म्हणजे, घर्षण सोडून, पाचव्या हिश्श्याचा जोर. त्या काळी इजिप्तमध्ये फिरणारी कप्पी नव्हती. खोबणी पाडलेल्या कठीण दगडांवरून दोर नुसते सरकवत.

फिरणाऱ्या कप्पीचं एक फार जुनं चित्र युद्धाचं आहे. अॅसिरियाचा राजा अशुरनासिरपाल याच्या निमरूदच्या राजवाड्यात, सुमारे २८५० वर्षांपूर्वी, वेढा पडलेल्या शहराचं शिल्प कोरलं. त्यात विहिरीची कप्पी दिसते, बादली दिसते, आणि एक सैनिक तिचा दोर कापतो आहे. शहराला तहानेने शरण आणायचं होतं. एवढं साधं यंत्र, आणि त्याच्यावर एक अख्खं शहर जगत होतं.

पाण्याचं नाव निघालं की आपल्या मातीत यावंच लागतं, कारण तरफेचा सर्वांत मोठा इतिहास पाणी उपसण्याचा आहे. मेसोपोटेमियात चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, अक्कडच्या काळातल्या मुद्रेवर एक माणूस आडव्या दांड्याने पाणी काढताना दिसतो. इजिप्तमध्ये देर अल-मदिना इथल्या इपुई नावाच्या शिल्पकाराच्या थडग्यात बागेला पाणी देणारा असाच माळी रंगवलेला आहे. तिकडे या यंत्राला शादूफ म्हणतात. कोकणात आणि गोव्यात माडापोफळींच्या बागांत पाणी काढणारी लाट ती हीच. उभ्या खांबावर आडवा दांडा, एका टोकाला कोळंबं किंवा बादली, दुसऱ्या टोकाला बांधलेला धोंडा. यातली खुबी अशी की भरलेली बादली वर ओढावी लागतच नाही. माणूस रिकामी बादली खाली ओढतो. तेव्हा त्याच्या अंगाचं वजन त्याच्या मदतीला येतं आणि धोंडा वर जातो. मग तोच धोंडा खाली येताना भरली बादली वर आणतो. पाठीचं कष्टाचं काम अंग सैल सोडून करता यावं म्हणून कुणी तरी, कुठे तरी हा दगड बांधला. त्या माणसाचं नाव कुठेच नाही. तमिळनाडूत तर दांडा इतका मोठा करत की माणसं त्याच्यावरून चालत : पुढे गेली की बादली खाली, मागे आली की वर. टेकूपासूनचं अंतर बदललं की जोर बदलतो हा नियम ते पायांनी चालून दाखवत होते.

देशावरची मोट याहून मोठा मेळ आहे. मला वाटतं, साधी यंत्रं शिकवायला मोटेइतकं चांगलं पुस्तक नाही. विहिरीच्या काठावर वर एक चाक, खाली एक रूळ. चाकावरून जाड नाडा, रुळावरून बारीक सोल. नाडा चामड्याच्या मोटेच्या तोंडाला, सोल तिच्या सोंडेला. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून, विहिरीपासून दूर जातात, आणि ही धाव उताराची असते. म्हणजे बैलांच्या खांद्याच्या जोरात त्यांच्या अंगाच्या वजनाची भर पडते. उतरण आणि कप्पी एकाच दोरात गुंफली आहेत. मोट वर येईपर्यंत सोंड वरच्या अंगाला दुमडलेली राहते. काठाशी आली की सोल तिला थारोळ्याकडे, म्हणजे पाणी झेलणाऱ्या कुंडाकडे, खेचते, सोंड पसरते आणि पाणी आपोआप ओतलं जातं. ओतायला वेगळा माणूस लागत नाही. मग बैल पाठमोरे धाव चढतात आणि मोट पुन्हा खाली. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. तिच्या काठावर एकाच वेळी बारा मोटा चालवायची सोय होती. त्या काठावर उभं राहून बारा नाडे, बारा चाकं आणि चोवीस बैल डोळ्यांसमोर आणावेत.

चाकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाजवळच्या दलदलीत २००२ मध्ये मिळालेलं लाकडी चाक पाच हजारांहून अधिक वर्षांचं आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्यासोबत आसही मिळाला. चाकाचं भोक चौकोनी आहे, म्हणजे आस चाकाबरोबर फिरायचा. खरी अडचण आसाची असते. घट्ट बसला तर फिरत नाही, सैल बसला तर गाडी डुलते. आपल्या दायमाबादला १९७४ साली मिळालेल्या ब्राँझच्या मूर्तींत हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्याही पायांखाली चाकांची सोय आहे, आणि चौथ्या मूर्तीत तर बैल जुंपलेला रथच आहे.

पण वर विचारलेल्या कोड्याचं उत्तर पहारीतून मिळालं नाही आणि मोटेतूनही नाही. ते तराजूतून मिळालं. पहार वापरणाऱ्याला आकडा लागत नाही. दगड हलला की झालं. तराजू धरणाऱ्याला मात्र दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्या असतात. तिथे तरफ पहिल्यांदा स्थिर उभी राहिली आणि मोजता आली. मोहेंजोदडो, हडप्पा, लोथल इथे मिळालेली चर्ट दगडाची घनाकृती वजनं पाहा. लहान वजनांत १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीची चढण आहे, आणि १६ चं वजन साधारण १३.७ ग्रॅम भरतं. शेकडो कोसांवरच्या गावांतली वजनं एकमेकांशी जुळतात. सोबत तांब्याची पारडीही मिळाली आहेत. पुढे कौटिलीय अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी येतो, आणि सहा अंगुळांच्या दांडीपासून आठ-आठ अंगुळांनी वाढत जाणारे दहा तराजू सांगितले जातात. बाजारातला विश्वास तरफेच्या दांडीवर तोलला जात होता.

‘असं का होतं?’ हा प्रश्न लेखी विचारणारं एक जुनं ग्रीक पुस्तक आपल्यापर्यंत आलं आहे. ‘मेकॅनिका’ हे त्याचं नाव. ते अॅरिस्टॉटलच्या नावावर चालत आलं, पण बहुतेक त्याच्या शिष्यपरंपरेतल्या कुणी, सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपास लिहिलं असावं. मला ते अतिशय आवडतं, कारण त्याची सुरुवातच आश्चर्यापासून होते. लहान जोर मोठ्या भाराला हलवतो याचं लेखकाला नवल वाटतं, आणि मग तो रोजच्या जगातले पस्तीस प्रश्न विचारतो. गलबताच्या मधल्या वल्हेकऱ्यांमुळे गलबत जास्त का पुढे जातं? एवढंसं सुकाणू एवढ्या मोठ्या जहाजाला कसं वळवतं? दात उपटायच्या चिमट्याने दात सहज का निघतो? कठीण कवचाचं फळ दोन दांड्यांच्या अवजाराने का फुटतं? आपला अडकित्ता त्याच घराण्यातला : एका टोकाला खिळ, मधे सुपारी, दुसऱ्या टोकाला मूठ. पुस्तकाचं उत्तर असं की सगळं गुपित वर्तुळात आहे. टेकू हे केंद्र. केंद्रापासून लांबचा बिंदू त्याच वेळात मोठा कंस कापतो, म्हणून तिथे लावलेला थोडा जोर पुरतो. उत्तर पूर्ण नव्हतं, पण वाट बरोबर होती.

ती वाट सिरॅक्यूसच्या आर्किमिडीजने पूर्ण केली. सिसिली बेटावरच्या या माणसाने, सनपूर्व २१२ मध्ये रोमन सैनिकाच्या हातून मारला जाण्याआधी, समतलांच्या समतोलावर दोन भागांचं पुस्तक लिहिलं. त्यातला विचार मी अगदी लहान करून सांगतो, कारण तो एवढा सुंदर आहे की गणिताची भीती असलेल्यानेही एकदा तरी पाहावा.

त्याचं गृहीत एवढंच : सारखी वजनं टेकूपासून सारख्या अंतरावर असतील तर दांडी आडवी राहते. याला पुरावा लागत नाही. दोन्ही बाजूंत फरकच नसेल तर ती कुणीकडे झुकणार? आता दांडीच्या डाव्या बाजूला टेकूपासून एक वीत अंतरावर दोन किलो टांगा आणि उजव्या बाजूला दोन विती अंतरावर एक किलो. दांडी आडवी राहील का? दोन किलोंचे एकेक किलोचे दोन भाग करा आणि मूळ जागेपासून दोन्ही बाजूंना सारखे, एकेक वीत सरकवा. त्या दोघांचा मध्य जिथे होता तिथेच राहिला, म्हणून डाव्या बाजूचा परिणाम बदलला नाही. पण आता एक किलो बरोबर टेकूवर आला. तो दांडीला कुठेच झुकवत नाही. दुसरा एक किलो डावीकडे दोन विती अंतरावर गेला. उजवीकडे दोन वितींवर एक किलो आहेच. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. दांडी आडवी.

म्हणजे निम्म्या अंतरावर दुप्पट वजन. कुठलाही प्रयोग नाही, कुठलंही माप नाही, फक्त सारखेपणाचा विचार. आणि त्यातून निसर्गाचा एक नियम हाती लागला. अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये आक्षेप घेतला की ‘मध्य बदलला नाही म्हणजे परिणाम बदलला नाही’ या वाक्यात आर्किमिडीजने उत्तर आधीच लपवून ठेवलं आहे. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. तरी तो युक्तिवाद पहिल्यांदा समजतो तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो माझ्या बाबतीत तरी माखने कमी झालेला नाही.

आर्किमिडीजने आपला नियम राजा हिएरोला करूनही दाखवला, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. माणसं आणि माल भरलेलं तीन शिडांचं जहाज, अनेक कप्प्यांतून ओवलेला दोर, आणि दूर बसून तो शांतपणे ओढणारा एकटा माणूस. कप्प्यांतला हिशेब तोच. भार दोराच्या पाच फेऱ्यांवर विभागला तर प्रत्येक फेरीवर पाचवा हिस्सा येतो. पण भार एक हात सरकवायला दोर पाच हात ओढावा लागतो. वरची चार माणसं इथून आली. ती कुठून आलीच नव्हती. एकाच माणसाने पाचपट अंतर ओढून ती भरून काढली होती.

अलेक्झांड्रियाच्या हिरोने इसवी सनाच्या पहिल्या शतकात पाच यंत्रं एका सूत्रात बसवली : आस-चाक, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र. जोर जितका वाचतो तितका वेळ वाढतो हेही त्याने नोंदवलं. त्याचं मूळ ग्रीक पुस्तक हरवलं. नवव्या शतकात बालबेकच्या कुस्ता इब्न लूकाने केलेल्या अरबी भाषांतरामुळे ते आज आपल्याला वाचता येतं. उतरणीचा नियम १५८६ साली सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश अभियंत्याने एका अप्रतिम युक्तीने सिद्ध केला, आणि तेही तोलण्याच्या कलेवरच्या पुस्तकात. एका बाजूला लांब उतार, दुसऱ्या बाजूला आखूड. त्यांच्यावर सारख्या मण्यांची अखंड माळ टाकली. माळ आपोआप फिरत राहणं अशक्य. म्हणजे लांब उतारावरचे जास्त मणी आणि आखूड उतारावरचे कमी मणी एकमेकांना तोलून धरतात. स्टेव्हिनने त्या चित्राला ब्रीद जोडलं, त्याचा भाव असा की आता हे नवल नवल राहिलं नाही. इथे मी त्याच्याशी सहमत नाही. कारण कळलं म्हणून नवल संपत नाही. उलट इतकं मोठं काम इतक्या थोड्या कारणावर चालतं हे जास्त नवलाचं आहे. पुढे गॅलिलिओने ठामपणे सांगितलं की यंत्राने निसर्गाला फसवता येत नाही. जोरात वाचवलं ते अंतरात द्यावं लागतं.

किती द्यावं लागतं, याचा हिशेब एकदा करून पाहावा. उभं राहायला जागा मिळाली तर पृथ्वी हलवून दाखवीन, अशा अर्थाचं आर्किमिडीजचं म्हणणं प्रसिद्ध आहे. पृथ्वीचं वस्तुमान म्हणजे सहावर चोवीस शून्यं इतके किलो. हा सगळा भार जमिनीवरच्या एखाद्या वस्तूसारखा तोलायचा आहे असं धरू, आणि माणूस साठ किलोचा. त्याच्या बाजूची दांडी पृथ्वीच्या बाजूपेक्षा एकावर तेवीस शून्यं इतक्या पट लांब हवी. मग पृथ्वी एक सेंटीमीटर वर यायला त्याला आपलं टोक एकावर अठरा शून्यं इतके किलोमीटर खाली न्यावं लागेल. प्रकाश वर्षभरात साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो. म्हणजे हे अंतर एक लाख प्रकाशवर्षांहून थोडं जास्त भरतं. आपल्या आकाशगंगेची तबकडी जवळजवळ एवढीच रुंद आहे. नियमात कुठेही खोट नाही. आर्किमिडीज बरोबरच होता.

आता एक मागणं आहे. मोटा बंद पडून आता बराच काळ झाला, आणि विजेचे पंप आल्यावर लाटाही मोडल्या. तुमच्या गावात एखादी लाट, मोटेचं चाक किंवा नुसती धाव अजून उरली असेल तर तिचा फोटो काढा, टेकूपासून दोन्ही टोकांची लांबी मोजा, धावेचा उतार मोजा. ती ज्यांनी चालवली ते आजी-आजोबा असतील तर त्यांच्यापाशी बसून प्रत्येक भागाचं नाव आणि काम लिहून घ्या. लाकूड जाईल, चामडं जाईल. हे काम याच पावसाळ्याआधी करा.